सेलिब्रिटींना टॉवेल विकायला बसवायचंय, जिंकलं कोण हे कसं ठरवायचं?

जुळेसोलापूर_मॅडम

नमस्कार मंडळी,

सोलापूरच्या एका सीनियर कॉलेजात कॉमर्स शिकवते. कॉलेजचं नाव सांगत नाही. ज्यांना कळायचं त्यांना चार ओळींत कळेलच.

आमच्या प्राचार्यांनी दिवाळीच्या सुट्टीत मुलीकडे राहून एक अमेरिकन कार्यक्रम बघितला. नावाजलेले गायक, नट, खेळाडू दोन गटांत विभागायचे, दर भागात त्यांना काहीतरी धंदा करून दाखवायला सांगायचं. हरलेल्या गटातल्या एकाला मोठ्या टेबलामागे बसलेला मालक बोट रोखून घरी पाठवतो आणि जमलेला पैसा धर्मादाय कामाला जातो. सर सोलापूरला परतले ते ठरवूनच. गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरली की जानेवारीच्या शेवटी आमच्या मैदानावर दोन दिवस 'सेलिब्रिटी व्यापारी'. पैसा विडी कामगार बायकांच्या मुलींच्या फीसाठी. या कारणावर माझी काही तक्रार नाही. माझ्या वर्गात अशा मुली पुष्कळ आहेत. रात्री आईबरोबर विड्या वळतात आणि सकाळी कॉस्टिंगच्या तासाला पहिल्या बाकावर असतात.

सेलिब्रिटी म्हणाल तर आपल्या ऐपतीचे. एका मालिकेत खलनायकाचा धाकटा भाऊ झालेला नट (मूळचा अक्कलकोट रोडचा, आता अंधेरीत भाड्याने), लोकल चॅनेलची निवेदिका, एक माजी खो-खोपटू, ऑर्केस्ट्रात किशोरकुमारची गाणी म्हणणारे एक गृहस्थ, हुतात्मा स्मृती मंदिरात राज्य नाट्य गाजवलेल्या एक बाई, आणि कडक भाकरी कानाजवळ मोडून आवाज ऐकवणारा तो रीलवाला पोरगा. तीन-तीनचे दोन गट. विकायला नॅपकिन, टॉवेल, शेंगा चटणी आणि कडक भाकरी.

आता अडचण. मागच्या आनंदमेळ्यात एका मुलाच्या काकांनी (प्लॉटिंगचा व्यवसाय) पुतण्याच्या स्टॉलची सगळी कुपनं एकदम घेऊन टाकली. तेल तापायचं होतं अजून. 'उत्कृष्ट विक्रेता'ची ढाल त्यालाच मिळाली, आणि दिवसभर घसा फोडून सोलकढी विकणारी मुलगी दुसरी आली. यंदा तर नटाच्या ओळखी मुंबईपर्यंत आणि निवेदिकेच्या सगळ्या पक्षांत. ज्याच्या फोनमध्ये मोठे नंबर तो जिंकणार असेल तर मी मुलांना यातून काय शिकवू? मूळ कार्यक्रमात हे कसं हाताळतात? आणि सरांना त्या मालकाच्या खुर्चीत बसून 'यू आर फायर्ड' म्हणायचंच आहे, त्याचं काय करावं तेही कुणी सुचवलं तर उपकार होतील.

रिमोटबहाद्दर (मूळ बाळीवेस, मुक्काम हिंजवडी)

मॅडम, सरांनी बघितला तो 'सेलिब्रिटी अप्रेंटिस'. मी यातला किडा आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

मूळ 'द अप्रेंटिस' २००४ साली एनबीसी वाहिनीवर सुरू झाला. निर्माता मार्क बर्नेट, खुर्चीत डोनाल्ड ट्रम्प. तेव्हा स्पर्धक साधे नोकरीच्या शोधातले लोक होते आणि बक्षीस होतं वर्षाला अडीच लाख डॉलर पगाराची नोकरी. जानेवारी २००८ पासून सेलिब्रिटी घेतले. त्यांना नोकरी देऊन काय उपयोग, म्हणून तेच अडीच लाख विजेता म्हणेल त्या संस्थेला द्यायचे असं ठरलं.

इथेच तुमची अडचण सुरू होते बघा. साध्या स्पर्धकांचं पहिलं काम होतं न्यूयॉर्कच्या रस्त्यावर लिंबू सरबत विकणं. सेलिब्रिटींचं पहिलं काम हॉट डॉग विकणं. दिसायला दोन्ही हातगाडीचेच धंदे. पण सरबतवाल्यांना रस्त्यावरचं गिऱ्हाईक पटवावं लागलं, आणि सेलिब्रिटींनी फोन काढून श्रीमंत मित्रांना बोलावलं. पुढे हाच पायंडा पडला. २०११ मध्ये चित्रं विकायच्या एका कामात कर्णबधिर अभिनेत्री मार्ली मॅटलिनने सुमारे ९ लाख ८६ हजार डॉलर जमवले. ट्रम्पने वरची रक्कम घालून दहा लाख पूर्ण केले. पैसा श्रवणयंत्रं पुरवणाऱ्या संस्थेला गेला, त्यामुळे वाईट कोण म्हणणार? पण तेवढे पैसे कुणी भिंतीवर चित्र लावायला मोजले नव्हते.

बरं, जास्त पैसे जमवणारा जिंकतो असंही नाही. २००९ च्या अंतिम फेरीत पोकरपटू ॲनी ड्यूकने विनोदी कलाकार जोन रिव्हर्सपेक्षा जास्त निधी आणला होता. जिंकली रिव्हर्स. शेवटी खुर्चीतल्याच्या मनात येईल ते. नियम धूसर ठेवले की भांडणं होतात, आणि टीव्हीवाल्यांना भांडणंच हवी असतात. तुम्हाला नको असतील तर नियम आधी लिहून काढा.

सरांना सांगायला एक मस्त किस्सा देतो. २००७ मध्ये बीबीसीने 'कॉमिक रिलीफ' या धर्मादाय संस्थेसाठी असाच सेलिब्रिटींचा भाग केला. खुर्चीत ब्रिटिश उद्योगपती ॲलन शुगर, काम काय, तर लंडनमध्ये जत्रा भरवायची. म्हणजे गड्डाच की! बायकांचा गट जिंकला, पुरुषांच्या गटातल्या पत्रकार पियर्स मॉर्गनला शुगरने काढून टाकलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत पहिला 'सेलिब्रिटी अप्रेंटिस' कोण झाला? पियर्स मॉर्गन. माणूस तोच, वर्षभरात धंदा काही शिकून आला नसणार. फोनमधले नंबर आणि खुर्चीतला माणूस तेवढे बदलले.

खुर्चीचं म्हणाल तर २०१५ मध्ये एनबीसीने ट्रम्पशी संबंध तोडले आणि २०१७ ला 'टर्मिनेटर'वाल्या श्वार्झनेगरला बसवलं. त्याने 'यू आर टर्मिनेटेड' म्हणून पाहिलं. एका हंगामात गाशा गुंडाळला. तेव्हा सरांना डायलॉग द्या, पण कार्यक्रम त्यावर उभा करू नका.

आणि फ्लेक्स छापायच्या आधी दोनदा वाचा. २०१३ मध्ये डेनिस रॉडमन, एवढा मोठा बास्केटबॉलपटू, त्याच्या गटाने मालकाच्या बायकोच्याच क्रीमची जाहिरात केली आणि तिच्या नावाचं स्पेलिंग चुकवलं. मेलानियाचं मिलानिया. गेला घरी.

विजापूररोड_७७

सेलिब्रिटी म्हणे! काय बे, खलनायकाचा धाकटा भाऊ? त्याला मालिकेत चौथ्या महिन्यात ट्रकखाली मारलाय. मोठा भाऊ बोलवा.

चटणीघर

ताई, माझा शेंगा चटणीचा आणि कडक भाकरीचा घरगुती उद्योग आहे, मंगळवार पेठेत. हाताखाली बायका आहेत. तुमच्यासारख्यांची आमंत्रणं दरवर्षी येतात म्हणून स्पष्ट लिहिते, राग मानू नका.

वरच्या दादांनी सांगितलं ना, ओळखीच्यांनी हजारो डॉलरला हॉट डॉग घेतले, त्यात हॉट डॉगवाल्याचं काय झालं हे कुणी विचारलं का? एका संस्थेच्या मेळ्यात एका पाहुण्या नटीने माझं चटणीचं पाकीट पाचशे रुपयांना 'विकलं'. टाळ्या पडल्या, फोटो आले. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या गिऱ्हाईक बाई म्हणाल्या, "तुमचं बाई आता पाचशे रुपये, आम्हाला कुठलं परवडायचं?" थट्टेतच म्हणाल्या, पण नंतर महिनाभर आल्या नाहीत. आणि ज्याने पाचशे दिले त्याने ते पाकीट उघडलं तरी असेल का, शंकाच आहे. त्याला चटणी नको होती, फोटो हवा होता.

तेव्हा एक करा. पाकिटावर एमआरपी छापलेली असते. त्याच्या वर एक रुपया घेणं कायद्याने गुन्हा आहे, वैधमापनवाले येऊन दंड करू शकतात. तुमचे सेलिब्रिटी कितीही मोठे असोत, छापलेल्या भावाच्या वर जायचंच नाही असा नियम घाला. ज्याला दान द्यायचंय त्याच्यासाठी बाजूला वेगळी पेटी ठेवा, पावती फाडा, आणि ती रक्कम स्पर्धेत धरू नका. मुलींच्या फीला पैसे दोन्हीकडून मिळतीलच.

खाली यायला मोकळीक हवी मात्र. संध्याकाळी सहानंतर भाकरी उरली तर दोन रुपये कमी करून काढायची की तशीच ठेवायची, हे ज्याला कळतं त्याला धंदा कळतो. (कडक भाकरी टिकते, घाई करायची नसते. बघा कोणाला कळतंय ते!)

खाण्याचा माल ज्याच्याकडून घ्याल त्याच्या पाकिटावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेच्या परवान्याचा) चौदा आकडी नंबर आहे का बघून घ्या. उद्या कुणाचं पोट बिघडलं तर सेलिब्रिटी अंधेरीला निघून जाईल.

रिमोटबहाद्दर

+१ एमआरपीला. मार्क बर्नेटला हे सुचलं असतं तर अर्धे हंगाम पडले असते.

होलसेल_टेरी

मॅडम नमस्कार. आमचं टेरी टॉवेलचं होलसेल, वडलांच्या वेळेपासून. चटणीघर ताई बोलल्या ते शंभर टक्के, पण तेवढ्याने तुमचा प्लॉटिंगवाला अडत नाही. तो एमआरपीनेच घेईल, पण दोनशे पाकिटं घेईल. त्याला गोडाऊनला काय कमी हाय?

म्हणून नुसती रक्कम मोजू नका. बिलंही मोजा. एका माणसाला एका स्टॉलवर एकच बिल, आणि बिलाला वरची मर्यादा घाला, पाचशे म्हणा. यूपीआयचा क्यूआर प्रत्येक गटाचा वेगळा लावा, म्हणजे कुठल्या खात्यातून किती वेळा आले ते दिसतं. रोखीला पावती पुस्तक. उधारी नाय म्हणजे नाय, नट असला तरी. आमच्या लाईनीत पार्टी बुडते ती उधारीनेच बुडते.

मालाची खरेदी किंमत लावा. फुकट माल घेऊन बसवलात तर कुणीपण व्यापारी होतो वो. दोन्ही गटांना सारखा माल, सारख्या भावाने, चिठ्ठीवर लिहून द्या. संध्याकाळी शिल्लक नग मोजा. विकलेल्यातून खरेदी वजा, स्टॉलचं भाडं वजा, पिशव्या, चहा सगळं वजा. त्या रीलवाल्याने शंभर कागदी पिशव्या फुकट वाटल्या तर ते कुणाच्या खिशातून गेले हे त्याला कळू द्या की.

आता माझी अट. माल मी देतो, पण त्यात थोडे सेकंड मिसळून देणार. नॅपकिनला कुठं कडेला धागा सुटलेला, कुठं रंगाचा पट्टा फिका. हे आमच्याकडे रोजचंच असतं, मागावर सगळा माल एक नंबर पडत नाय. सेकंड आहे हे गिऱ्हाइकाला दाखवून, भाव पाडून विकला तर विक्री धरायची. लपवून फर्स्टच्या भावाने दिला तर दुसऱ्या दिवशी तो परत येणार. म्हणून दुसऱ्या दिवशी परतीचं काउंटर लावा. परत आलेला नग त्या गटाच्या हिशेबातून दुप्पट वजा. बघा मग खलनायकाचा भाऊ खरा खलनायक निघतो का ते!

आणखी एक. टॉवेल घेताना गिऱ्हाईक काय करतं? पहिल्यांदा चुरगाळतं. मग हातावर धरून वजन बघतं. मग विचारतं, पाणी शोषतो का? नवा टॉवेल पहिल्या एकदोन धुण्यांआधी नीट शोषत नाय, हे सांगून विकावं लागतं, नायतर तो घरी जाऊन शिव्या घालतो. चादरीला विचारतात, खरंच सोलापूरची का? कारण जीआय (भौगोलिक मानांकन) मिळून इतकी वर्षं झाली तरी पानिपतचा माल सोलापुरी म्हणून देशभर विकालेत. आता तुमच्या निवेदिका बाईंना हे विचारलं तर काय सांगतील? त्यांना आदल्या दिवशी एक तास आमच्या दुकानात पाठवा. शिकवायला मी बसतो. दोन्ही गटांना सारखंच शिकवीन. एक गट आला आणि दुसरा आला नाय, तर तो त्यांचा धंदा.

घरी पाठवायचं वगैरे काढून टाका. दोन दिवसांत कुणाला घरी पाठवता? खो-खोवाल्याला पहिल्या दिवशी काढलं तर दुसऱ्या दिवशी टेबलं कोण उचलणार.

विजापूररोड_७७

होलसेल काका, एक नंबर. पण मग यात सेलिब्रिटी लागतातच कशाला? तुम्ही आणि चटणीवाल्या ताई बसा की.

होलसेल_टेरी

आम्ही रोज बसतो. बघायला कोण येतं का?

रिमोटबहाद्दर

काकांचा प्रश्न बरोबर आहे, गर्दी त्यांच्यामुळेच येणार. आणि उलटंही होतं. अमेरिकेत ओमारोसा नावाची बाई २००४ च्या पहिल्या हंगामात साधी स्पर्धक होती. कार्यक्रमात इतकी भांडली की २००८ ला सेलिब्रिटी म्हणून परत आली. आपल्याकडे 'शार्क टँक इंडिया'त मालेगावचे कमलेश घुमरे शेतकऱ्यासाठी फवारणीची गाडी घेऊन गेले, तिथल्या गुंतवणूकदार पियूष बन्सलने दहा लाखाला ४० टक्के भागीदारी आणि वीस लाख बिनव्याजी कर्ज दिलं. आज लोक 'जुगाडू कमलेश' म्हणून ओळखतात. तेव्हा मॅडम, प्रत्येक गटात तुमच्या कॉमर्सची दोन पोरं घाला. विड्या वळणाऱ्या मुलींपैकीच घाला. हजार विड्यांची मजुरी आणि त्यातून कापून जाणारा माल यांचा हिशेब त्या लहानपणापासून बघतात, त्यांना खरेदी किंमत शिकवावी लागणार नाही.

फक्त लोकांच्या मतांवर निकाल ठेवू नका. तसं करायचं तर ते 'बिग बॉस' झालं. मोबाइलवर बटण दाबायला खिशातून काही जात नाही, नॅपकिन घ्यायला जातं.

चटणीघर

मुलींची नावं मात्र स्टेजवरून 'गरीब विडी कामगारांच्या मुली' म्हणून पुकारू नका हं ताई. गटातल्या हिशेबनीस म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. त्यांच्याच फीसाठी चाललंय हे शंभर लोकांसमोर कशाला? अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरी, मेल्याहून मेल्यासारखं होतं.

जुळेसोलापूर_मॅडम

सगळ्यांना एकत्रच उत्तर देते, काल सरांबरोबर बैठक झाली.

एमआरपी, वेगळी दानपेटी, एका माणसाला एक बिल, पाचशेची मर्यादा, खरेदी किंमत वजा, हे सगळं मान्य झालं. सरांना वाटत होतं मर्यादा घातली तर एकूण रक्कम कमी पडेल. दानपेटीचा आकडा वेगळ्या फलकावर मोठ्या अक्षरांत लावू म्हटल्यावर पटलं. प्लॉटिंगवाल्या काकांना त्या फलकाचं उद्घाटन करायला बोलावतोय, म्हणजे पेटीत किती टाकले ते फलकावर दिसेल. स्टॉलकडे ते फिरकणार नाहीत बहुतेक.

चटणीघर ताई, तुमचं शंभरदा बरोबर. दोन्ही गटांत मिळून चार मुली आणि दोन मुलगे घेतलेत, कुणाच्या आईवडिलांचा व्यवसाय कुठेच छापणार नाही. निधीचं नाव नुसतं 'विद्यार्थिनी फी निधी' ठेवलं. माल तुमच्याकडूनच घेऊ, आगाऊ पैसे देऊन. मुली खरेदीचा भाव तुमच्याशी ठरवायला येतील. घासाघीस करतील, तेवढी सवय त्यांना हवीच.

सेकंडच्या मालाची कल्पना सरांना आधी रुचली नव्हती. कॉलेजच्या नावावर सदोष माल, पालक काय म्हणतील वगैरे. मी म्हटलं, सर, परतीचं काउंटर आहे ना, आणि त्या काउंटरवर एक अधिकारी माणूस लागणार. मोठं टेबल, उंच पाठीची खुर्ची. नग तपासायचा, दोन्ही बाजू ऐकायच्या आणि निकाल द्यायचा. सरांनी क्षणभर विचार केला आणि विचारलं, "तिथे डायलॉग म्हणता येईल?" म्हटलं, नॅपकिनला म्हणा. तेव्हा खुर्चीचा प्रश्न मिटला.

मिटलं नाही ते एवढंच: नटाच्या व्यवस्थापकाचा फोन आला, दादा उन्हात उभे राहणार नाहीत, एसी गाडी स्टॉलमागे लागेल का? जानेवारीत! मी सांगितलं, गाडी लावा, पार्किंगचं भाडं गटाच्या खर्चात धरू. त्यावर ते म्हणाले विचारून सांगतो. ऑर्केस्ट्रावाले काका मात्र कालच येऊन मैदान बघून गेले, सावली कुठल्या बाजूला येते ते बघून स्टॉलची जागा मागून गेले.

रिमोटबहाद्दर, हिशेबाला बाहेरचा माणूस हवाय, कॉलेजचा नको. जमेल का?

रिमोटबहाद्दर

शुक्रवारच्या संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने येतो. राहायला घर आहेच. हिशेब बघतो, पण खो-खोपटू माझे शाळेतले सर निघाले तर मला बाजूला करा, आधीच सांगून ठेवतो. त्यांचं नाव निरोपात कळवा.

विजापूररोड_७७

मी पाचशेचं बिल करायला येणार. पण नटाकडून नाय.

होलसेल_टेरी

मॅडम, माल शुक्रवारी दुपारी चारनंतर उचला, सकाळी हैदराबादच्या पार्टीची गाडी भरायची असते. पोरींना टेम्पोबरोबर पाठवा, नग माझ्यासमोर मोजून घ्यायचे आणि चलनावर सही करायची, नंतर कमी निघाले म्हणायचं नाय. सेकंडवर मी खूण करून देणार नाय, त्यांनीच शोधायचे. येताना प्रत्येक गटाने एक छोटी कात्री आणायला सांगा, लोंबते धागे कापून मगच स्टॉलवर मांडायचे. आणि त्या दादाच्या व्यवस्थापकाला म्हणावं, दुकानातल्या शिकवणीला मांडी घालून गादीवर बसावं लागतं, खुर्ची नाय आमच्याकडे.